मोंढ्यातल्या अडत दुकानाचं जुनं विंडोज बिलिंग सॉफ्टवेअर एआय एजंटला स्क्रीनशॉट न देता वाचता येईल का?

येतं की, बहुतेक वेळा स्क्रीनशॉट लागतच नाही. विंडोजमधी यूआय ऑटोमेशन नावाची सोय आधीपासूनच आहे, स्क्रीन रीडर (अंधांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वगैरेसाठी केलेली, त्यातून उघड्या विंडोतलं प्रत्येक बटण, रकाना, यादी नाव, प्रकार अन् जागेसकट मिळते, तेच टेक्स्ट करून एजंटला द्यायचं, पायथनची पायविनऑटो लायब्ररी हे सगळं काढून देते. लातूरला अशाच सॉफ्टवेअरचा सपोर्ट बघतो म्हणून सांगतो, कोड लिहायच्या आधी विंडोज एसडीके (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रामरसाठीचा टूलसंच) यातलं इन्स्पेक्ट हे तपासायचं टूल उघडा अन् तोलाई, हमालीचे रकाने वेगवेगळे दिसतात का ते बघा. दिसले तर निम्मं काम झालं.

फक्त जुन्या सॉफ्टवेअरमधी कधीकधी ग्रिड (रकान्यांचा तक्ता) सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी स्वतःच रंगवलेला असतो, मग बिलाची आख्खी पट्टी एकच रिकामा डब्बा दिसते. तवा पायविनऑटोचा बॅकएंड (माहिती काढायची पद्धत) यूआयएच्या, म्हणजे यूआय ऑटोमेशनच्या जागी विन३२ (विंडोजची जुनी पद्धत) करून बघा, तरी नाही जमलं तर ओसीआरच, म्हणजे स्क्रीनच्या चित्रातून अक्षरं वाचणं. अन् सॉफ्टवेअर अ‍ॅडमिन म्हणून चालत असेल तर एजंट पण अ‍ॅडमिनमधूनच चालवा, नाहीतर क्लिक पोचतच नाही.