वाचकांचे प्रश्न : उष्णता आहे, पण पाण्याची वाट कुठे आहे?

प्रश्न : जमिनीखाली सगळीकडेच उष्णता असते, असे आपण वाचतो. मग भूऔष्णिक विजेसाठी जागा शोधणे इतके अवघड का जाते? शोधपद्धती सुधारल्याने नेमका काय फरक पडेल?

उत्तर : खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला सरासरी २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते, हे खरे आहे. परंतु नुसत्या तापलेल्या खडकावर वीज होत नाही. त्यात पाणी हवे आणि ते खेळते राहील अशा भेगा हव्यात. तापमानाचा अंदाज वरून बऱ्यापैकी बांधता येतो, भेगांचा मात्र सहसा बांधता येत नाही. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१३ मध्ये जगभरच्या विहिरींचा आढावा घेतला, तेव्हा शोधाच्या टप्प्यातील जेमतेम ५९ टक्के विहिरी यशस्वी ठरल्याचे दिसले. विहीर खणल्याशिवाय खात्री नाही आणि खात्रीशिवाय कर्ज नाही, अशा पेचात अनेक प्रकल्प अडकतात.

खणण्यापूर्वीचा सर्वांत स्वस्त पुरावा झऱ्याच्या पाण्यात असतो. खोलवरच्या उष्ण पाण्यात सिलिका (वाळूतील मुख्य घटक) अधिक विरघळते आणि पाणी वर येताना निवले तरी ती लगेच साक्याच्या रूपाने बाहेर पडत नाही; म्हणून तिच्या प्रमाणावरून खालचे तापमान काढता येते. यासाठी नमुना झऱ्याकाठीच गाळून शुद्ध पाण्याने पातळ करावा लागतो, अन्यथा प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतच सिलिकेचे कण एकत्र येऊ लागतात आणि आकडा चुकतो. वाटेत थंड भूजल मिसळले असेल तर अंदाज प्रत्यक्षाहून कमी येतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण. आकाशातील विजांच्या लखलखाटाने आणि सौरवाऱ्याने (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताने) पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जे बदल होतात, ते जमिनीत पुरलेली इलेक्ट्रोड व चुंबकीय कॉइले रात्रभर नोंदवतात आणि त्यावरून खोलवरच्या खडकांचा विद्युतरोध कळतो. उष्ण जलसाठ्यावर स्मेक्टाइट या मातीखनिजाचे झाकण तयार होते. ते विजेचे सुवाहक असल्याने नकाशावर ठळक उमटते. तापमान सुमारे २०० अंशांच्या पुढे गेले की त्याची जागा बहुतांशी इलाइट या दुसऱ्या, कमी सुवाहक मातीखनिजाने घेतलेली असते आणि रोध पुन्हा वाढतो, म्हणजे साठा या झाकणाच्या खाली शोधायचा. फसगत इथेच होते : साठा कधीच थंड झालेला असला तरी माती तशीच राहते, आणि नकाशा कालची उष्णता आजची म्हणून दाखवतो.

म्हणूनच, माझ्या मते, खरी सुधारणा एखाद्या नव्या उपकरणापेक्षा पुरावे एकमेकांशी ताडून पाहण्यात आहे. विद्युतरोध, झऱ्यांचे रसायन, सूक्ष्म भूकंपांच्या नोंदी आणि भूकवचातील ताणाची दिशा एकाच त्रिमितीय प्रतिमानात बसवली, तर कोणते प्रस्तरभंग (खडक जिथे तुटून सरकले आहेत त्या मोठ्या भेगा) आजही मोकळे असतील याविषयी बोलता येते.

प्रश्न : जिथे गरम झराच नाही, तिथे काय करायचे?

उत्तर : अमेरिकेतील नेवाडा राज्यात असे अनेक छुपे साठे आहेत. तेथे प्रस्तरभंगांची टोके आणि एकमेकांशेजारून जाणाऱ्या दोन भंगांमधले पट्टे आधी नकाशावर निवडले जातात. मग सुमारे दोन मीटर खोल सळई ठोकून जमिनीचे तापमान मोजतात. एवढ्या खोलीवर दिवस-रात्रीचा फरक पोहोचत नाही. ऋतूंचा मात्र पोहोचतो, म्हणून एका ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा मोजून बाकीच्या नोंदी दुरुस्त कराव्या लागतात.