आधी विचार, कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, कधी जाणार?

टीबीच्या संशोधन-अभ्यासात नवीन आलायस म्हणून सांगतो. बीडकडचा पेशंट असला की पहिला प्रश्न हाच. औषधं सहा महिन्यांची. ऑगस्टात अभ्यासात नाव घातलंस तर दिवाळीपर्यंत माणूस साखर कारखान्यावर. माझे असे बरेच पेशंट अर्ध्यातून सुटले, बोलणी खाल्ली ती वेगळीच. आता पेशंटला विचारून घरच्या म्हातारीचा नंबर घेतो. मुकादमाचा, म्हणजे तोडीला नेणाऱ्या ठेकेदाराचा, कधीच नाही. त्याला आजार कळला तर उचल, म्हणजे आगाऊ मिळणारे पैसे, अडकते.

संमतीपत्रावर सहीऐवजी अंगठा असेल तर साक्षीदार अभ्यासाबाहेरचा हवा, आपला वॉर्डबॉय चालत नाही. आणि बेडका तपासायच्या डबीत नुसती थुंकी आली तर परत पाठव. "मावशी, छातीतून खोकून बेडका काढा," असं स्वतः खोकून दाखव. लाजू नको.