जॅग्वार ई-टाइप आणि पोर्शे ९११: आकडे कसे वाचायचे?

प्रश्न: पहिली जॅग्वार ई-टाइप २६५ हॉर्सपॉवरची, पहिली पोर्शे ९११ फक्त १३०ची. मग दोघींच्या टॉप स्पीडमध्ये दुपटीचा फरक का नाही?

उत्तर: अहो, मुळात हे दोन आकडे एकाच मापाने मोजलेलेच नाहीत! जॅग्वारचे २६५ हे ग्रॉस, म्हणजे सायलेन्सर वगैरे न लावता इंजिन नुसतं टेस्ट बेंचवर पळवून काढलेले, आणि पोर्शेचे १३० जर्मन डीआयएन पद्धतीचे, सगळं सामान जोडून मोजलेले, त्यामुळे खरा फरक बराच कमी आहे. शिवाय वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, दुप्पट वेगाला साधारण आठपट पॉवर लागते! म्हणून पोर्शे २१० किमीला जाते आणि जॅग्वारचा दावा २४०चा.

खरी गंमत टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरात आहे. जॅग्वारचं ३.८ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन साधारण ३५० न्यूटन-मीटर देतं, पोर्शेचं २ लिटरचं १७४, त्यामुळे जॅग्वार कमी आरपीएमलाही मस्त ओढते. गिअरबॉक्स मात्र पोर्शेचा भारी, पाच गिअर, आणि सुरुवातीच्या जॅग्वारला चारच, त्यात पहिल्याला सिंक्रोमेश (गिअर न खरडता सहज पडावा म्हणून असलेली यंत्रणा) नाही, तो प्रॉब्लेम १९६४च्या ४.२ लिटर मॉडेलमध्ये सुटला. पण जुन्या ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग बाहेर फेकला जातो, म्हणून १९६९च्या मॉडेलला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ५७ मिमी वाढवला.

लांब सरळ रस्त्यांसाठी माझं मत जॅग्वारला, वळणांसाठी पोर्शेला, पण हात बसल्यावरच.