कधी लागतो, कधी लागत नाही: जुन्या डेस्कटॉपचा दोष कुठून शोधायचा

तुमचं वर्णन नीट वाचलं. रत्नागिरीतलं घर, २०१२ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, दुसऱ्या पिढीचा आय३, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दोन-दोन जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. पाऊस सुरू झाल्यापासून त्रास. कधी पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच, कधी चार-पाच सेकंदांत मशीन आपोआप बंद, कधी विंडोजच्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांवर अडकतं. दोन-तीनदा बंद-चालू केलं की लागतं आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. मधूनच घड्याळ मागे जातं. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या.

मदरबोर्ड गेला असेलही, पण या लक्षणांवरून तसा निकाल देता येत नाही. एकदा लागल्यावर दिवसभर तक्रार न करणाऱ्या मशीनचा प्रोसेसर आणि बोर्डाचा मोठा भाग ठीक असण्याचीच शक्यता जास्त. शिवाय तुम्ही सांगितलेल्या तक्रारी एक नाहीत, तीन आहेत. काळी स्क्रीन, चार सेकंदांत बंद होणं आणि विंडोजमध्ये अडकणं या तिन्हींची मुळं वेगळी असू शकतात. सगळ्यांवर एकच औषध शोधायला गेलं की पार्ट बदलत बसावं लागतं.

आधी एक काम. पुढच्या वेळी मशीन नीट लागलं की फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा, जे काही असेल ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. सारखं बंद-चालू करण्यात जुन्या हार्ड डिस्कचे हाल होतात. कॉपी हाती आल्याशिवाय चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची सोय) वगैरे चालवूच नका. डिस्कच आजारी असेल तर तो ताण तिला झेपेलच असं नाही.

मग बटणाजवळ एक कागद चिकटवा. रोज मशीन सुरू करताना तीनच गोष्टी लिहायच्या: मशीन रात्रभर बंद होतं की नुकतंच बंद केलेलं, नेमकं कुठे अडकलं, आणि कितव्या वेळी लागलं. कंटाळवाणं वाटेल, पण अधूनमधून येणाऱ्या दोषाला याहून चांगलं हत्यार नाही. दोष फक्त सकाळच्या पहिल्या सुरुवातीलाच येतो असं दिसलं तर अर्धा तपास तिथेच संपला: पॉवर सप्लाय, ओलावा, ढिले जोड, यांपैकी काहीतरी. गरम मशीनवरही येत असेल तर दिशा वेगळी.

काळ्या स्क्रीनच्या वेळी कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो आहे? मग मशीन जागं आहे, फक्त चित्र पोचत नाही. मॉनिटरची व्हीजीए केबल दोन्ही टोकांना स्क्रूने घट्ट करा, दुसरी केबल लावून बघा, मॉनिटर चुकीच्या इनपुटवर तर नाही ना ते पाहा. दिवा हलतच नसेल तर मशीन आतच अडकलंय. अशा वेळी मदरबोर्डवर लावायचा छोटा स्पीकर फार उपयोगी. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये तो नसतो, पण कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो. एकच छोटी बीप म्हणजे बहुतेक बोर्डांवर सुरुवातीची तपासणी पार पडली. लांब बीप पुन्हा पुन्हा आल्या तर संशय रॅमवर. दोन्ही रॅम काढून मशीन सुरू केलं तर बोर्डाने बीपांनी बोंब मारायला हवी. तेव्हाही तो गप्प राहिला तर दोष रॅमच्या आधीचा: पॉवर सप्लाय, प्रोसेसर किंवा बोर्ड स्वतः.

चार-पाच सेकंदांत बंद होण्याची तक्रार वाचल्यावर मला सगळ्यात आधी आठवलं ते कॅबिनेटचं बटण. पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं, ही सोय मुद्दाम दिलेली आहे. आता तेच बटण जुनं होऊन आत चिकटत असेल तर? तुम्ही दाबून बोट काढलंत, पण आतला स्विच दाबलेलाच राहिला. मशीन सुरू झालं, चार सेकंद मोजले आणि बंद पडलं. दमट हवेत स्वस्त कॅबिनेटची बटणं अशी चिकटतात. तपासायला पैसा लागत नाही: मदरबोर्डच्या कोपऱ्यात कॅबिनेटच्या पुढच्या भागातून आलेल्या बारीक वायरी असतात, त्यांतली पॉवरच्या पिनांवरची जोडी काढा आणि तिथे रीसेटची जोडी लावा. आता रीसेटच्या बटणाने मशीन सुरू करायचं. तक्रार गेली तर मदरबोर्ड निर्दोष सुटला. याच लक्षणाचं दुसरं कारण म्हणजे प्रोसेसरवरच्या कूलरची प्लास्टिकची पिन उचकटलेली असणं. चारही पिना बोटाने दाबून बघा. मात्र कूलर ढिला असता तर दिवसभराच्या कामातही त्रास झाला असता, म्हणून तो संशय दुसऱ्या क्रमांकावर.

घड्याळ मागे जाण्याचं कारण सोपं: मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सीआर२०३२ सेल. हा ३ व्होल्टचा असतो, मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसला तर बदलून टाका. घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो. लोक याला किरकोळ समजतात, पण तुमच्या तिसऱ्या तक्रारीशी त्याचा संबंध असू शकतो. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचा स्विच बंद करायची पद्धत. भिंतीवरचा स्विच चालू असतो तोवर बंद मशीनलाही थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालतं. स्विच बंद केला की सगळा भार त्या सेलवर. सेल मेलेला असेल तर बायॉसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रॅमची) सेटिंग्ज मूळ पदावर जातात. काही बोर्डांवर मूळ सेटिंगमध्ये डिस्कचा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, नव्या एएचसीआयऐवजी जुनी आयडीई असते, आणि एएचसीआयवर बसवलेली विंडोज मग सुरूच होत नाही, निळी स्क्रीन तरी येते किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होते. म्हणून सेल बदलल्यावर बायॉसमध्ये जाऊन तारीख, डिस्कचा मोड आणि बूटचा क्रम एकदा बघून घ्या. मोड काय आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चुकीच्या तारखेमुळे ब्राउझरही जवळपास प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची कुरकुर करतो, ते वेगळंच.

आता रॅम. पावसाळ्यात कोकणात रॅम काढून खोडरबरने पुसणं हा जवळजवळ वार्षिक विधी आहे, आणि त्यात तथ्य आहे. पट्टीच्या सोनेरी पिनांवर धूळ आणि दमट, खाऱ्या हवेचा पातळ थर बसतो, कुठल्या तरी एका पिनेचा संपर्क सुटतो. मशीन तापलं की कधी तो जुळून येतो, म्हणून तिसऱ्या वेळी लागतं. भिंतीवरचा स्विच बंद, वायर काढलेली, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून आतली उरलेली वीज संपवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच रॅम काढा. साधं पांढरं खोडरबर, हलका हात. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, पॉलिश पेपर लावाल तर रॅम कायमची जाईल. खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका, स्लॉट कोरड्या मऊ ब्रशने झाडा. दोन्ही रॅम परत बसवायच्या आधी दोन-तीन दिवस एकाच रॅमवर मशीन चालवून बघा, मग दुसरीवर. स्लॉटही आलटून पालटून. तसंच एकदा रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवा. त्यात एक जरी चूक दिसली तरी ती रॅम किंवा तो स्लॉट बाद समजायचा.

एवढं करूनही सकाळची पहिली सुरुवात अडखळत असेल तर माझं बोट एसएमपीएसकडे, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याकडे. बारा-तेरा वर्षं चाललेल्या साध्या एसएमपीएसमधले कपॅसिटर हळूहळू सुकतात. थंड असताना त्यांची ताकद आणखी कमी पडते, थोडं तापलं की तात्पुरतं भागतं. तुमचं ‘दोन-तीनदा केलं की लागतं’ याच्याशी अगदी जुळतं. बटण दाबल्यावर एसएमपीएस लगेच बोर्डाला हिरवा कंदील देत नाही. व्होल्टेज स्थिर झाल्यावर सेकंदाच्या काही दशांशांत राखाडी वायरवरून ‘सगळं ठीक’ असा संकेत पाठवतो. तो उशिरा आला किंवा डळमळला तर बोर्ड सुरूच होत नाही, किंवा अर्धवट सुरू होऊन काळ्या स्क्रीनवर थांबतो.

याची एक फुकट चाचणी आहे. सकाळी भिंतीवरचा स्विच चालू करा आणि दहा मिनिटं बटणाला हात लावू नका. मग दाबा. दुसऱ्या दिवशी स्विच चालू केल्या केल्या दाबा. आलटून पालटून असं करत गेल्यावर, थांबलेल्या दिवशी पहिल्या झटक्यात लागतं आणि न थांबलेल्या दिवशी अडखळतं असं दिसलं, तर एसएमपीएसचा स्टँडबायचा (बंद मशीनला थोडी वीज पुरवणारा) भाग दुबळा झालाय असं समजायला हरकत नाही. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. पण आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस सुटला असं नाही. व्होल्टेजमधली बारीक थरथर साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही. हिरवी-काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवणारे टेक्निशियन भेटतील. त्यातून एसएमपीएस जिवंत आहे एवढंच कळतं, भार पेलतो की नाही ते नाही. खरी परीक्षा एकच: ओळखीच्या कुणाचा तरी चांगला एसएमपीएस चार दिवस मागून लावणं. तुमचा उघडायच्या भानगडीत पडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.

जाता जाता: कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर घराच्या अर्थिंगची तक्रार आहे, तिथे वायरमनच हवा. आणि यूपीएस असेल तर एकदा तो वगळून मशीन थेट भिंतीवर लावून बघा. बॅटरी संपलेला यूपीएस स्वतःच्या चुका कॉम्प्युटरच्या माथी मारतो.

राहिलं विंडोजवर अडकणं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपला गाभा डिस्कवर जतन करते आणि सकाळी तोच उचलते. रीस्टार्ट मात्र खरंखुरं नव्याने असतं. म्हणून शट डाउननंतर अडकतं पण रीस्टार्टनंतर कधीच नाही असं तुमच्या कागदावर दिसलं, तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. स्क्रीन काळी झाली की लगेच भिंतीवरचा स्विच पाडायची सवय असेल तर ती सोडा. पंखा थांबेपर्यंत डिस्कवर लिहिणं चालू असू शकतं. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल आणि इंटरनेटवर त्यावर हजार उपाय सापडतील. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ते तुम्हाला ठाऊकच आहे.

डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघा. ०५ (बदली केलेले खराब तुकडे) आणि सी५ (संशयित तुकडे) या ओळींतला कच्चा (रॉ) आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल तर डिस्क बदलायची वेळ आली. सी७ (डेटा नेण्यातल्या चुका) वाढत असेल तर दोष बहुधा डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलचा. नवी केबल लावा. मात्र सी७ चा आकडा कधीच खाली येत नाही, तो पुढे वाढायचा थांबला का एवढंच बघायचं. डिस्क बदलायचीच वेळ आली तर साधा साटा एसएसडी घ्या. हे मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याच एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचा विचार करा. टॅली विंडोजवरच लागत असेल तर अर्थातच नाही.

एका वेळी एकच बदल करा, आणि ‘झालं ठीक’ म्हणायची घाई नको. समजा मशीन चारांतून एकदा अडखळतं. मग काहीही दुरुस्त न करताही सलग चार वेळा नीट लागायची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे. दुकानात दोनदा सुरू करून ‘बघा, झालं’ म्हणणाऱ्याला म्हणूनच काही अर्थ नसतो. सलग दहा वेळा नीट लागण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या आसपास येते, तेव्हा जरा विश्वास ठेवता येतो. त्या दहाही सुरुवाती रात्रभर थंड झालेल्या मशीनच्या हव्यात, म्हणजे प्रत्येक बदलाला दहा-एक दिवस द्यायचे.

तुमच्या जागी मी आज रात्री सेल आणि बटणाच्या वायरी करेन, कारण त्या दोन तक्रारी एकमेकींशी संबंध नसलेल्या आहेत आणि एकत्र केल्या तरी गोंधळ होणार नाही. रॅम त्यानंतर. मागून आणलेल्या एसएमपीएसवरही, एकाच रॅमवर, बाकी सगळं काढूनही थंड सुरुवात अडखळत राहिली, तर दुकानदार बरोबर होता असं म्हणू. कागदावरच्या आठ-दहा दिवसांच्या नोंदी इथे टाका, आणि मॉडेलचं नाव वाचता येईल असा मदरबोर्डचा एक फोटोही.