गेलेली भीती परत का आली?

प्रश्न : गर्दीच्या लोकलमध्ये चेंगरल्यापासून डब्यात चढायची धास्ती बसली होती. दादरला रोज सराव करून ती गेली. महिनाभर गावी राहून आले आणि कुर्ल्याला पाय ठेवताच छाती धडधडली. मेहनत वाया गेली का?
– एक वाचक, माटुंगा

उत्तर : अजिबात नाही. सरावाने भीतीची आठवण पुसली जात नाही. तिच्याशेजारी ‘इथे धोका नाही’ अशी नवी आठवण तयार होते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधक सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने २०२० साली उंदरांमध्ये दाखवलं, की ही नवी आठवण अमिग्डाला या मेंदूतल्या भावनांशी निगडित भागातल्या ज्या पेशींत साठते, त्याच पेशी बक्षीस मिळाल्यावरही जाग्या होतात. सुटका मेंदूला सुखासारखीच भासते, हे फार महत्त्वाचं आहे.

अडचण जागेची. भीती कुठेही उफाळते, पण सुरक्षिततेची आठवण जिथे शिकलो तिथेच चिकटून राहते. जागा ओळखण्याचं काम हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग करतो. मध्ये खंड पडला तरी सुरक्षिततेची आठवण फिकी होते.

म्हणून सराव विखरा. दादर, कुर्ला, ठाणे, सकाळी, संध्याकाळी, धीमी, मग जलद. आधी कमी गर्दीची वेळ घ्या. चढण्यापूर्वी ‘काय होईल असं वाटतंय’ ते लिहा, उतरल्यावर खरं काय झालं ते ताडून पाहा. घाबरून लगेच उतरलात तर भीतीच पक्की होते. सोबतीण, पाण्याची बाटली हे आधार हळूहळू सोडा, नाहीतर मेंदू श्रेय त्यांनाच देतो. त्या रात्री झोप पुरी घ्या. भीतीवर गोळी चालू असेल तर सरावाआधी डॉक्टरांशी बोला. काही शामक औषधं हे शिकणं कच्चं ठेवतात.