आवळ्यात पाक मुरते, मंग आलू काहून लुळा पडला?

प्रश्न : नमस्कार सर, मी अकरावी सायन्सला आहे, गाव दर्यापूर तालुक्यात. कॉलेजात आम्ही आलूचे सारखे तुकडे कापून साध्या पाण्यात अन् कमीजास्त साखरेच्या पाण्यात ठेवले होते. साध्या पाण्यातला फुगून कडक झाला, पण १ मोलरमधला (लिटरमागं ३४२ ग्रॅम साखरेच्या पाण्यातला) ५ ग्रॅमचा तुकडा दुसऱ्या दिवशी ३.९ वर आला, अन् असा लुळा की बोटाला गुंडाळता येईल. आई म्हणते, मोरावळ्यात साखर आवळ्याच्या आत जाते, मंग आलूत काहून नाही गेली? अन् बाजूच्या ग्रुपचं रीडिंग आमच्याशी जुळतच नाही, ते का?

उत्तर : आईचा प्रश्न भारी आहे, पहिले तोच घेऊ. तुझा आलू जिवंत होता अन् आईचा आवळा वाफवलेला, म्हणजे मेलेला. सगळा फरक इथंच आहे. जिवंत पेशीला जो पातळ पडदा असतो तो पाण्याला जाऊ-येऊ देतो, साखरेला मात्र सहजी आत घेत नाही. त्यामुळे बाहेर साखर जास्त झाली की साखर आत येण्याऐवजी आतलं पाणीच बाहेर निघून जाते, वजन उतरते, तुकडा लुळा पडतो. आवळा टोचून वाफवला की हा पडदा फाटतो, मग त्याला अडवायला कोणी उरत नाही, पाक हळूहळू मुरत जातो. खात्री करायची तर बीटाची एक फोड कच्ची अन् एक उकळलेली, दोन्ही धुऊन थंड पाण्यात टाक. कच्चीचा रंग बराचसा आतच राहते, उकळलेलीचा सगळा पाण्यात उतरते.

पण मेलेल्या आवळ्यालाही एकदम घट्ट पाकात टाकलं तर तो सुरकुततेच, कारण साखर आत शिरायच्या आधी पाणी भराभर बाहेर पडते. म्हणून जुन्या बाया आधी पातळ पाक करतात अन् रोज थोडा थोडा आटवत नेतात. शेवटी ६५-७० टक्के साखर झाली की बुरशी-जंतूंचंही पाणी ओढलं जाते, म्हणून मोरावळा वर्षभर टिकते.

पडद्यातून पाण्याचं हे जाणं-येणं, म्हणजे ऑस्मोसिस, डोळ्यानं पाहायचं असंल तर कॉलेजच्या कुंडीतल्या ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल काढून साखरेच्या घट्ट पाण्यात मायक्रोस्कोपखाली पाहा. भिंत जागची हलत नाही, आतला जांभळा भाग आक्रसून एका बाजूला गोळा होते. याला प्लाझ्मोलिसिस म्हणतात. लगेच साधं पाणी दिलं की परत पसरते, फार वेळ ठेवलं तर पेशीच मरतात, मग नाही पसरत. अन् साध्या पाण्यात आलू फुटत का नाही, तर ती भिंत. पाणी आत घुसते, भिंत उलट दाबते, कुठंतरी बरोबरी होते, तोच कडकपणा. हा दाब किती असंल? साधारण ७ बारपर्यंत जाऊ शकते, आपल्या मोटरसायकलच्या टायरात दोनेक बार असते, आता लाव हिशोब.

रीडिंगचं म्हणशील तर एक ग्रुप साखर तोलून घेते, दुसरा चमच्यानं. १ मोलर म्हणजे ३४२ ग्रॅम साखर विरघळवून *एकूण* १ लिटर करायचं, लिटरभर पाण्यात ३४२ ग्रॅम टाकायची नाही, तसं केलं की माप लिटरच्या वर जाते अन् द्रावण पातळ पडते. तुकडे पुसून मग तोला, अन् फरक ग्रॅममध्ये नाही तर टक्क्यात काढा. एवढं करूनही जुळलं नाही तर आलूच वेगळा असंल. कोल्ड स्टोरेजमधल्या आलूत थंडीनं स्टार्चची साखर होते, खाऊन पाहा, गोडसर लागते. मग ज्या द्रावणात वजन ना वाढते ना घटते ते ठिकाण पुढं सरकते. नेहमीच्या आलूचं हे ठिकाण सहसा ०.२ ते ०.३५ मोलरच्या मधात सापडते. मोलर अन् वजनातला टक्केवारी फरक यांच्या ग्राफवर रेष शून्याला कुठं कापते तेवढं शोधा, बाकीचे आकडे त्याच्यासाठीच घेतलेले असतात.

तुझ्या भागासाठी एक जास्तीची गोष्ट. ०.३ मोलर म्हणजे लिटरमागं १०३ ग्रॅम साखर, पण तेवढंच काम ९-१० ग्रॅम मीठ करून टाकते, कारण मिठाचा एक कण विरघळून दोन होतात अन् वजनाला तो हलका. सलाईनच्या बाटलीतही लिटरमागं ९ ग्रॅमच मीठ असते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी दिलं की जमीन ओली दिसते अन् झाड तरी मान टाकते, त्याचं कारण हेच : पाणी आहे पण मुळाला ते सहजी ओढता येत नाही. वरून उन्हानं पाणी उडते, मीठ तिथंच राहते, अन् जमीन दरवर्षी अजून खारट होत जाते.

पुढच्या वेळी एक तुकडा बोअरच्या पाण्यात अन् एक आरओच्या पाण्यात ठेवून पाहा. बोअरच्या पाण्यातला वाळंल असं समजू नको, बहुतेक बोअर आलूच्या रसापेक्षा पातळच असतात, त्यामुळे वजन तिथंही वाढंल, फक्त आरओवाल्यापेक्षा कमी. किती कमी, ते कळव.