पावसात चेरी ब्लॉसम पाहायला जायचं का, अन् नागपुरात गुलाबी झाड कोणतं लावायचं?

प्रश्न : मी आणि आमचे हे मार्चच्या शेवटी लेकीकडे वॉशिंग्टनला जाऊन राहिलो. जावयांना सुट्टी शनिवारचीच, त्याच दिवशी चेरी ब्लॉसम फेस्टिव्हलला न्यायचं ठरलंय. पण लेक म्हणते त्या दिवसांत तिकडे पाऊस कधीही येतो, आला तर म्युझियम पाहू. आता एवढ्या लांब जाऊन फुलंच नाही पाहायची म्हणजे काय बाप्पा? पावसात सगळी गळून जातात का हो? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : काकू, पाऊस असला तरी जा. रिमझिमीनं फार काही बिघडत नाही, खरा दुश्मन वारा आहे. नुकती उमललेली फुलं साध्या पावसात फांदीला चांगली धरून राहतात, अन् हवा थंड, ढगाळ असली तर उलट जास्त दिवस टिकतात, कारण ऊन तापलं की फुलं लवकर उतरतात. बहर संपत आला असेल तर मात्र दोन सरी आणि थोडा वारा पुरे, सगळ्या पाकळ्या खाली. म्हणून पावसाचा अंदाज पाहण्याआधी लेकीला बहर कुठवर आलाय ते बघायला सांगा. तिथली नॅशनल पार्क सर्व्हिस दरवर्षी ते जाहीर करते. टायडल बेसिन नावाच्या तळ्याकाठच्या योशिनो जातीच्या चेरीची ७० टक्के फुलं उमलली की तो ‘पीक ब्लूम’. २०२४ मध्ये तो १७ मार्चलाच येऊन गेला, २०२५ मध्ये २८ मार्चला, म्हणजे तारीख काही आपल्या हातात नाही. तुमचा योशिनोचा बहर हुकला तरी हिरमुसू नका, जवळच्या ईस्ट पोटोमॅक पार्कात क्वान्झान जातीची झाडं आहेत, भरगच्च गुलाबी फुलांची, ती साधारण दोन आठवडे उशिरा फुलतात.

आता कपडे. आपण इथून कूलर सुरू करून निघतो अन् तिथे सकाळी पाच-सहा डिग्री, त्यात अंग ओलं, मग दुपारपर्यंत काका म्हणतील घरी चला. आत गरम बनियन, वर स्वेटर, त्यावर स्कूटीवर घालतो तसा रेनकोट. छत्री नको, खरंच नको. फांद्या खाली झुकलेल्या असतात, गर्दीत छत्री फांदीला लागते, नाहीतर कोणाच्या डोळ्याला. जुने बूट घाला आणि रस्ता सोडून झाडाखालच्या ओल्या मातीत जाऊ नका, सगळे फोटोसाठी तिथेच जाऊन उभे राहतात. चेरीची मुळं वरवर असतात, ओली माती पायांनी दाबली गेली की तिच्यातली हवा निघून जाते आणि झाड हळूहळू खराब होतं. या झाडांना आधीच कमी त्रास झालेला नाही. जपानहून १९१० मध्ये पहिली २,००० झाडं आली तीच कीड लागलेली, सगळी जाळून टाकावी लागली, मग १९१२ मध्ये ३,०२० नवीन पाठवली. अन् २०२४ मध्ये बेसिनची भिंत दुरुस्त करायची म्हणून १४० च्या वर चेरीची झाडं काढली. त्यामुळे काठावर कुठे मोकळी जागा दिसली तर नवल वाटू देऊ नका.

पावसाचा एक फायदा मी तर आवर्जून सांगीन, गर्दी निम्मी होते. कोरड्या शनिवारी तिथे आपल्या बर्डीच्या बाजारात दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी रेटारेटी. ओल्या दिवशी फोटोही छान येतात, खोड भिजून काळं पडतं आणि त्यावर पांढरी-गुलाबी फुलं उठून दिसतात. जावयांना सांगा गाडी नका काढू, पार्किंग शोधण्यातच दिवस जाईल, मेट्रोनं स्मिथसोनियन स्टेशनला उतरा अन् सकाळी सकाळी चालत जा. बेसिनला पूर्ण फेरी सुमारे साडेतीन किलोमीटरची आहे, काकांचे गुडघे दुखत असतील तर अर्धीच करा. मग जोरात आला पाऊस की म्युझियम आहेच, स्टेशनजवळच्या फ्रीअर गॅलरीत जपानी चित्रं आहेत अन् तिकीट नाही. म्हणजे लेकीचंही ऐकल्यासारखं होईल.

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या बागेत चेरी ब्लॉसम लावायचं ठरून राहिलं, नर्सरीवाला म्हणतो येते. खरंच येईल का? (मनीषनगर)

उत्तर : नर्सरीवाल्याला म्हणा, आधी तुझ्या दारात फुलवून दाखव. चेरीला हिवाळ्यात बरेच दिवस चांगली थंडी लागते, त्याशिवाय कळ्या नीट जाग्या होत नाहीत, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, त्यात ते झाड तगणं कठीण. भारतात चेरी ब्लॉसम पाहायचंच तर शिलाँगला नोव्हेंबरात जा, तिथली हिमालयी जात वसंतात नाही, पावसाळा संपल्यावर फुलते. इथे तसाच गुलाबी रंग हवा असेल तर टॅबेबुया रोझिया लावा, मुंबईत विक्रोळीजवळ हायवेला ती फुलली की लोकं चेरी ब्लॉसम म्हणूनच फोटो टाकतात. गिरिपुष्पाचंही तसंच, पानं झडलेल्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुलं, व्हॉट्सॅपवर ‘आपल्याकडची चेरी’ म्हणून फिरणारे बरेच फोटो त्याचेच. पण मला विचाराल तर कांचन लावा, किंवा जागा मोठी असेल तर पळस. फेब्रुवारी-मार्चमध्ये रामटेककडे जाताना पळस पेटलेला पाहिला असेल ना, तो काय कोणत्या फेस्टिव्हलला कमी आहे काय.

प्रश्न : वॉशिंग्टनच्या फेस्टिव्हलला चेरीची फांदी हलवली की पाकळ्या पडतात, रील मस्त येते. चालते का? (धरमपेठ)

उत्तर : नाही. फांदी ओढू नका, फूलही तोडू नका, तिथे मनाई आहे आणि पार्कवाले हटकतात. पाकळ्या वारा पाडतोच, मोबाईल सुरू करून जरा थांबा.